यावर प्रश्न येणार नाही!

माझी रूममेट दिवसाला दहा तास वाचते. गेली तीन वर्षं वाचतेय. सकाळी साडेसातला अभ्यासिकेत जाऊन जागा धरायची, दुपारी डबा तिथेच खायचा आणि रात्री दहाला रूमवर परत. राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र, चालू घडामोडी. पिवळ्या-गुलाबी हायलायटरने रंगवलेली पानंच्या पानं. गेल्या महिन्यात निकाल लागला. कट-ऑफच्या जरासं खाली राहिली ती. दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या रात्री लाइट बंद केल्यावर अंधारातच म्हणाली, “अगं, मला पुन्हा वाचायला लागायचंय. एखादी कादंबरी दे ना. पण अशी दे, की ज्यातलं काही लक्षात ठेवावं लागणार नाही.”

मला आधी हसू आलं. दहा तास वाचणारी मुलगी ‘पुन्हा वाचायला लागायचंय’ म्हणते? मग हसू गेलं. कारण तिला काय म्हणायचंय, ते मला नीट कळलं होतं. तुम्हालाही कळलं असणार.

आठवून बघा. आपण वाचायचो ना! सहावी-सातवीत असताना जेवतानाही समोर पुस्तक असायचं. फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, ‘किशोर’चे जुने अंक, मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या घरी सापडलेली कव्हर फाटलेली रहस्यकथा. आई ओरडायची, ‘आधी जेव, मग वाच.’ आणि मग कधीतरी ते थांबलं. नेमकं कधी, हे सांगता येत नाही. कुणी विचारलं की आपण पटकन मोबाइलकडे बोट दाखवतो. रील्सनी वाट लावली म्हणतो. मोठ्या माणसांनाही हे उत्तर आवडतं. दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, त्या दिवशीच्या भाषणांत तर हे ऐकायला मिळतंच मिळतं.

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः रात्री ‘पाच मिनिटं’ म्हणून दीड तास स्क्रोल करते. पण माझ्यापुरतं सांगायचं, तर माझं वाचन मोबाइल हातात येण्याच्या आधीच आटलं होतं. दहावीच्या वर्षी घरातली गोष्टींची पुस्तकं माळ्यावर गेली. ‘परीक्षा झाली की काढू’ असं ठरलं होतं. मग अकरावी, बारावी, सीईटी. तोवर पानाच्या खाली प्रश्न नसतील तर ते पान वाचायचं कशाला, अशी सवय लागून गेली. धडा वाचला की स्वाध्याय, कविता वाचली की रसग्रहण, उतारा वाचला की आकृत्या पूर्ण करा. मार्क मिळत नसतील असं काही वाचत बसलं की मनात कुणीतरी म्हणायचं, ‘अभ्यास नाही का?’ हा आवाज डिग्री मिळाल्यावरही जात नाही, बरं का.

आता एक कबुली देते. या पानावर इंटर्न म्हणून यायच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत दिली होती. तिथे विचारलं, “शेवटची वाचलेली कादंबरी कोणती?” मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, “कोसला.” तेव्हा मी ‘कोसला’ तिसाव्या पानावर सोडून दिली होती. मास कॉमच्या तीन वर्षांत मी एकही कादंबरी पूर्ण वाचली नव्हती. समोरच्यांनी मान डोलावली, पुढचा प्रश्न विचारला. मी खोटं पचवलं, पण बसमध्ये बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्या रात्रीपासून मी पुन्हा वाचायला लागले. म्हणजे प्रयत्न करायला लागले. आज जे सांगतेय ते त्या धडपडीतून आलेलं आहे, विद्वत्तेतून नाही.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. पुन्हा वाचायला लागायचं असेल तर थोर पुस्तकापासून सुरुवात करू नका. ‘मराठीतली वाचलीच पाहिजेत अशी पन्नास पुस्तकं’ वगैरे याद्या बाजूला ठेवा. ‘मृत्युंजय’ उत्तम आहे, घराघरांतल्या कपाटात ती असतेच. पण पाच वर्षांनी मैदानावर उतरणाऱ्याला कुणी पहिल्याच दिवशी मॅरेथॉन पळायला सांगत नाही. याद्यांमधून पुस्तक घेतलं की वाचन पुन्हा सिलॅबस होतं. आणि सिलॅबसला तर आपण कंटाळलोय. त्यापेक्षा जिथे आपल्याच वयाचं कुणीतरी आपल्यासारखंच गोंधळून उभं आहे, अशी कादंबरी शोधा.

मी रूममेटला पहिल्यांदा दिली ती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. 2004 साली आलेलं पुस्तक. नववीतला मुकुंद जोशी ही गोष्ट सांगतो. काळ आणीबाणीचा, म्हणजे आपले आईबाबा लहान होते तेव्हाचा. बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत चार मित्र बसतात आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मतं मांडतात. मुलींना आडनावाने ओळखतात. मुकुंदाला शिरोडकर आवडते. एवढंच. पण वाचताना जाणवतं, की वर्गात बसून आपण जे जे मनात बोललो होतो, ते कुणीतरी लिहून ठेवलंय. तुम्ही सुजय डहाकेंचा सिनेमा पाहिला असेल. तरी वाचा. मुकुंदाच्या डोक्यातली अखंड बडबड पडद्यावर मावत नाही. रूममेटने ती दोन रात्रींत संपवली. मध्येच हसायला लागायची. मी विचारलं की म्हणायची, “काही नाही, तू झोप.”

तुम्हाला सुरुवातीला नुसता वेग हवा असेल, तर सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ घ्या. 1982 सालची कादंबरी, पण 2013 च्या सिनेमामुळे नाव सगळ्यांना माहीत. कॉलेज, कट्टा, मित्र, मारामाऱ्या, प्रेम. कुणी नाक मुरडेल, ‘हे काय साहित्य आहे?’ म्हणेल. म्हणू दे. आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना वाचनाची चटक शिरवळकरांच्या रहस्यकथांनी लावली. दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन ही नावं घरातल्या एखाद्या काकांसमोर घेऊन बघा, त्यांचा चेहरा बदलेल.

मग एक बारीक पुस्तक. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, 1939 मध्ये, ते प्रसिद्ध झालं. युरोपातून निघालेली एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू माणसं. त्यांतली एक हॅर्टा. आणि मायदेशी परतणारा चक्रधर. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला पुढे जायचंय. मध्ये जेमतेम काही दिवस. पुस्तक इतकं लहान आहे, की रविवारी दुपारी सुरू केलं तर रात्रीच्या जेवणाआधी संपेल. पण जेवण जाईल याची खात्री मी देत नाही. घरदार सोडून निघालेल्या माणसांनी भरलेल्या बोटींच्या बातम्या आजही येतात. मी बातमी लिहायला शिकतेय. त्यामुळे बातमीत जो माणूस ‘निर्वासितांपैकी एक’ असतो, त्याला नाव आणि स्वभाव असतो, हे मला या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जुन्या पुस्तकाने शिकवलं.

त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 सालची. एक कोवळा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणूक होऊन जातो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. तो मुलं गोळा करतो, माणसांत रमतो, वाडीसाठी तालीम बांधायचं मनावर घेतो. मग दुष्काळ येतो. पुढचं सांगत नाही. या पुस्तकात कुणीही मोठ्याने रडत नाही, लेखक तर मुळीच नाही. वाक्यं छोटी, साधी. संवादांतली माणदेशी बोली पहिली दहा पानं अडखळवेल. तेव्हा एक करा. ती पानं मोठ्याने वाचा. कानाला जे लगेच कळतं, ते डोळ्यांना कळायला कधीकधी वेळ लागतो. पहिली नोकरी लागून अनोळखी गावात रूम शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

‘ब्र’ मात्र मी रूममेटला मुद्दाम दिली. कविता महाजन यांची ही कादंबरी 2005 मध्ये आली. यातली प्रफुल्ला आपलं मोडलेलं घर मागे टाकून एका संस्थेचं काम घेते आणि आदिवासी भागांतल्या महिला सरपंचांना भेटत हिंडते. आता गंमत बघा. आमच्या मॅडमना 73 वी घटनादुरुस्ती तोंडपाठ. पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा, कलम 243 ची सगळी पोटकलमं, महाराष्ट्राने ते प्रमाण 50 टक्के केव्हा केलं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण त्या राखीव जागेवर निवडून आलेली बाई ग्रामसभेत तोंड उघडते तेव्हा नेमकं काय काय होतं, हे नोट्समध्ये नसतं. चार दिवसांनी ती मला म्हणाली, “तीन वर्षं हा टॉपिक करतेय मी. यात माणसं आहेत, हे लक्षातच आलं नव्हतं.” मी काही बोलले नाही. मीही पत्रकारितेत पंचायत राजवर असाइनमेंट लिहून चांगले मार्क मिळवले होते. एकाही सरपंचबाईंशी न बोलता.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की याचा उपयोग काय? प्लेसमेंट डोक्यावर आहे, अटेम्प्ट संपत चाललेत, घरी पैशांची ओढाताण आहे. अशात कादंबऱ्या वाचणं म्हणजे चैनच ना? मलाही हे वाटायचं. कादंबरी वाचल्याने संवादकौशल्य सुधारतं, शब्दसंग्रह वाढतो, अशी कारणं देऊन मी तुम्हाला पटवू शकते. पण ते मला करायचं नाही. कारण मग पुन्हा आपण मार्कांवरच येतो.

मला दिसलेली गोष्ट वेगळी आहे. वरची पुस्तकं पुन्हा एकदा आठवा. यातलं कुणीही ‘टॉपर’ नाही. बनगरवाडीचा मास्तर दुष्काळाला थोपवू शकत नाही. चक्रधर ती बोट थांबवू शकत नाही. प्रफुल्लाला सगळ्या बायकांना न्याय मिळवून देता येत नाही. आपल्या आजूबाजूला, अभ्यासिकेच्या भिंतींवर, क्लासच्या फ्लेक्सवर, यूट्यूबवर सगळीकडे निवड झालेल्यांचे चेहरे असतात. त्यांच्या यशोगाथा, त्यांची दिनचर्या, त्यांचा पहाटे चारचा अलार्म. त्या फ्लेक्सवर नसलेल्यांचं काय झालं, हे कोण सांगणार? त्यांची संख्या तर कितीतरी जास्त. त्यांची गोष्ट मला फक्त कादंबऱ्यांत सापडली. तिथे हरलेल्या माणसाला कुणी ‘आता पुढे काय?’ असं लगेच विचारत नाही. त्याच्या बाजूला बसून त्याचं म्हणणं दोनशे पानं ऐकून घेतात. निकालानंतरच्या दोन दिवसांत माझ्या रूममेटला आलेला प्रत्येक फोन ‘आता पुढे काय?’ याच प्रश्नाने सुरू झाला होता. म्हणून मला हे आज फार महत्त्वाचं वाटतंय.

आणि ‘कोसला’? ती मी अखेर संपवली. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी 1963 मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातल्या खेड्यातून पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजला येतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, उधारी, वडिलांचा पैसा, नापास होणं आणि परत गावी जाणं. पहिल्या वेळी त्यातलं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ मला वैताग देत होतं. दुसऱ्या वेळी कळलं, की ज्याला सगळ्याचाच वीट आलाय आणि तरी सगळं सांगायचंय, तो मुलगा असाच बोलणार. मध्ये धाकट्या बहिणीचा, मनीचा, भाग येतो. तो मी होस्टेलच्या गच्चीवर वाचला. खाली मेसची घंटा झाली तरी उठवेना. म्हणून सांगते, ‘कोसला’ पहिली घेऊ नका, पाचवी-सहावी घ्या. आणि तिसाव्या पानावर सोडलीत तर सोडा. फक्त मुलाखतीत पूर्ण वाचली म्हणून सांगू नका.

थोडं व्यवहाराचं. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. कॉलेजच्या लायब्ररीत संदर्भग्रंथांच्या मागच्या रॅकवर मराठी कादंबऱ्या असतात, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या. ग्रंथपालांना नाव सांगा, बहुतेक वेळा त्यांनाच जास्त आनंद होतो. गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. लायब्ररीच्या पुस्तकाचा एक फायदा असतो, ते परत करायची तारीख असते. आपल्याला डेडलाइनशिवाय काही जमत नाही, हे मान्य करून टाकू या.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवता आला तर उत्तम. दुसरी खोलीच नसेल, तर माझ्यासारखा डब्याच्या पिशवीत टाका. दिवसाला दहा पानं पुरेत. पेन्सिल हातात घेऊ नका, निदान पहिल्या दोन पुस्तकांना तरी नको. हायलायटर तर मुळीच नको. ‘या वर्षी पन्नास पुस्तकं’ असं जाहीर करू नका. वाचून झाल्यावर पुस्तकाचा चहासोबत फोटो काढायचा मोह होईल. काढा, पण वाचून झाल्यावर. आणि तीस-चाळीस पानांनी पुस्तक लागलं नाही, तर न लाजता बाजूला ठेवा. पुस्तक तुमच्यावर रागावत नाही. दोन वर्षांनी पुन्हा उघडलंत, की तिथूनच बोलायला लागतं.

हा शेवटचा नियम मी रूममेटला सांगितला होता. गेल्या आठवड्यात तिने माझ्या रॅकवरून स्वतःच एक पुस्तक उचललं. सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. मी ती तिला देणं टाळत होते. ती बुलढाण्याकडची. वडील शेती करतात. आणि ‘बारोमास’मधला एकनाथ त्याच मातीतला. एम.ए., बी.एड. झालेला. नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत आणि शेतीत निभाव लागत नाही. शिकलो त्याचं काय झालं, हा एकच प्रश्न घरात सगळीकडे भरून राहिलेला.

तिने चाळीसेक पानं वाचली. मग मिटून ठेवलं. “चांगलंय,” म्हणाली, “पण हे आत्ता नको.” थोड्या वेळाने बाहेर जिन्यात जाऊन घरी फोन लावला. अर्धा तास बोलत होती. निकालानंतर ती पहिल्यांदाच एवढं बोलली असावी. काय बोलली, ते मी विचारलं नाही.

सोमवारपासून ती पुन्हा अभ्यासिकेत जातेय. आणखी एक अटेम्प्ट द्यायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. रात्री दहाला आली की अर्धा तास वाचते. सध्या ‘दुनियादारी’ चालू आहे. ‘बारोमास’ मात्र परत आलेली नाही. तिच्या टेबलावर घटनेच्या पुस्तकाखाली ठेवलेली दिसते. एकेचाळिसाव्या पानाशी माझ्या ‘कोसला’तलं जुनं बसचं तिकीट खूण म्हणून आहे.

मीही मागितलेली नाही. राहू दे तिच्याकडे.